अर्ज आत मिळेल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि आमच्या घरात काहीही झालं नाही. लॅपटॉप नेहमीइतकाच वेळ घेऊन चालू झाला, पंखा नेहमीइतकाच ओरडला. फरक एवढाच, की अपडेटच्या पानावर एक ओळ कायमची मुक्कामाला आली: हे यंत्र विंडोज ११ च्या किमान अटींत बसत नाही. अटी वाचून पाहिल्या. टीपीएम २.० हवं, ते होतं. सिक्युअर बूट हवं, तेही होतं. चार जीबी रॅम हवी, आठ होती. घोडं अडलं ते प्रोसेसरवर. तो सातव्या पिढीचा निघाला, आणि विंडोज ११ ला एखाददुसरा अपवाद सोडला तर आठवीपासून पुढचेच चालतात. आपल्याकडे एकाने पुण्य केलं की सात पिढ्यांचा उद्धार होतो. हा हिशोब अमेरिकेत कोणी पोचवलेला दिसत नाही.

“नवा घेऊन टाक ना,” असं सांगणारे सगळे पगारदार होते. मी कंत्राटी. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो, म्हणजे जी कोणी वाचत नाही आणि जी नसली तर ऑडिटवाले ओरडतात, ती. कंपनी कामाचे पैसे देते, यंत्र ज्याचं त्याने आणायचं. वर्षभराची वाढीव सुरक्षा मुदत मिळत होती, पण वर्षाने पुन्हा हीच ओळ वाचायची होती. तेव्हा ठरवलं, लिनक्स.

हे चारचौघांत बोलू नये. लिनक्सवर येणाऱ्या माणसाला लिनक्सवाले फार प्रेमाने वागवतात आणि प्रत्येक जण आपापल्या घराकडे ओढतो. एक म्हणाला, उबंटू घे. दुसरा म्हणाला, उबंटू आता पूर्वीचं राहिलं नाही. हे वाक्य पुण्यात कशाहीबद्दल बोलता येतं, म्हणून मी सोडून दिलं. तिसरा डेबियनचा. त्याने १९९३ पासून सुरुवात केली. इयन मर्डॉक यांनी मैत्रीण डेब्रा हिचं नाव आणि आपलं नाव जोडून ‘डेबियन’ केलं, आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं दिली जातात, हे सगळं सांगून झालं तरी माझा लॅपटॉप त्यावर चालेल का, हा मुद्दा निघायचा होता. चौथा आर्च लिनक्स वापरतो. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. शेवटी मी मिंट घेतलं, कारण चौघांनीही त्याचा उल्लेख “नवशिक्यांसाठी ठीक आहे” असा जरा नाक मुरडून केला. चौघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट होती.

बसवण्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. पेन ड्राइव्ह लावला, चार प्रश्नांची उत्तरं दिली, चहा झाला, लिनक्स झालं. वाय-फाय चाललं. आवाज आला. विंडोजमध्ये ज्याची आराधना करावी लागे तो प्रिंटर न बोलावता यादीत येऊन उभा राहिला. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्डही मिळाला. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मात्र मराठी नावाच्या फाइलींची जोडाक्षरं विस्कटलेली दिसली, पण टर्मिनलमध्ये मराठी वाचणारा मी या इमारतीत तरी एकटाच असेन. जुनं विंडोज डिस्कच्या एका कोपऱ्यात राहू दिलं. घरातलं म्हातारं माणूस एकदम बाहेर काढत नाहीत.

मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. माझ्या वाट्याला आलेली २२.२, तिचं नाव झारा. आईने पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, “कॉम्प्युटरचं नाव झारा? मग कढई कुठाय?”

कढई सोमवारी सकाळी तापली, व्हीपीएन लावायला बसलो तेव्हा.

मार्च २०२० पर्यंत आपल्या मध्यमवर्गीय घरांत व्हीपीएन ही चीज नव्हती. त्याआधी कॉल सेंटर किंवा बीपीओच्या माणसाला घरून काम करू द्यायचं तर दूरसंचार खात्याच्या अटींचं जंजाळ होतं. १३ मार्च २०२० ला त्या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या, मग टाळेबंदी आली आणि हिंजवडीचं अख्खं आयटी पार्क स्वयंपाकघरांत आणि गच्च्यांवर येऊन बसलं. तेव्हापासून “व्हीपीएन लागलं का?” हा प्रश्न “नळाला पाणी आलं का?” याच्या शेजारी जाऊन बसला आहे. व्हीपीएन म्हणजे काय हे मात्र घरात कोणी विचारत नाही. शेजारचे निवृत्त काका अपवाद. ते दार अर्धं लावून दबक्या आवाजात म्हणाले, “अरे, ते व्हीपीएन बेकायदेशीर झालंय ना? पेपरात आलं होतं.” पेपरात जे आलं होतं ते एप्रिल २०२२ चं: सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, त्यावर काही विक्रेत्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. कंपन्यांच्या स्वतःच्या व्हीपीएनला तो नियम नव्हता. हे मी काकांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या संध्याकाळपासून लिफ्टमध्ये ते माझ्याशी जरा जपून बोलतात.

तर व्हीपीएन. पुस्तकांत त्याला बोगदा म्हणतात. तुमच्या यंत्रापासून कंपनीच्या आतल्या जाळ्यापर्यंत कुलूपबंद रस्ता, मधल्या कोणाला आतलं दिसत नाही. हे खरं आहे, पण बोगदा हा भाग सोपा आहे. लिनक्सच्या तर तो पोटात आहे: वायरगार्ड नावाचा, जेमतेम चार हजार ओळींचा, मार्च २०२० मध्येच कर्नलच्या ५.६ आवृत्तीत दाखल झालेला. बोगदे खणण्यात लिनक्स कोणाला हार जात नाही. खरा प्रकार असतो तो बोगद्याच्या तोंडाशी.

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर आहे. नाव, कोणाकडे, गाडी नंबर, येण्याचं कारण, वेळ, सही. ते भरल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि भरल्यावर कोणी वाचत नाही. सकाळी पहिला माणूस येतो तो गॅसवाला. तो कारणाच्या रकान्यात ‘गॅस’ लिहितो. त्याच्यामागून आलेला कुरिअरवाला खाली नुसती दोन टिंबं मारतो, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. मग पाणी शुद्धीकरणवाला, दोन टिंबं. इन्शुरन्सवाला, दोन टिंबं. मागच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर साखरपुडा होता; मुलाकडची चाळीस माणसं, पैठण्या आणि फेट्यांसकट, आमच्या रजिस्टरात गॅस द्यायला आली होती.

कंपनीचं व्हीपीएन असंच रजिस्टर भरून घेतं. पहिला रकाना, तुम्ही कोण: नाव आणि पासवर्ड. दुसरा, खरंच तुम्हीच का: फोनवरच्या ॲपमधला सहा आकडी क्रमांक, जो दर तीस सेकंदांनी बदलतो आणि आपण पाचवा आकडा टाइप करत असतानाच बदलतो. हे दोन्ही रकाने मी भरले. तिसरा रकाना मला आजवर ठाऊकच नव्हता, कारण विंडोज तो परस्पर भरत असे. त्याला म्हणतात पोश्चर चेक. तुम्ही कोणत्या यंत्रावर बसून आलात, त्यात अँटिव्हायरस आहे का, फायरवॉल चालू आहे का. इथे येऊन गेट म्हणालं: तुमचं यंत्र कंपनीच्या सुरक्षा धोरणाशी सुसंगत नाही, कृपया हेल्पडेस्कशी संपर्क साधा.

साधला.

“गुड मॉर्निंग सर. रिस्टार्ट केलंत का?”

“केलं.”

“ओके सर. विंडोज की मॅक?”

“लिनक्स.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. “सर, विंडोज की मॅक?”

“लिनक्स मिंट. बावीस पॉइंट दोन. झारा.”

“सर, तुमचं नाही, मशीनचं नाव.”

“मशीनचंच सांगतोय.”

“सर, झारा माझ्या ड्रॉपडाउनमध्ये येत नाहीये. मी ‘अदर्स’ टाकतो आणि तिकीट बनवतो, चालेल?”

न चालवून सांगतो कोणाला. तिकीट बनलं. दुपारी मेल आली: आपली समस्या सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाच पैकी किती तारे द्याल? समस्या जिथल्या तिथे होती. पुन्हा फोन केला. आवाज तोच, अकोल्याकडचा वाटावा असा मोकळा मुलगा. तो म्हणाला, “सर, ‘अदर्स’वालं तिकीट ऑटो-क्लोज होतं. त्याला ओनर नसतो.”

मग त्याने मला खरा रस्ता सांगितला. कंपनीच्या धोरणात बसत नसलेल्या यंत्रासाठी अपवाद मागता येतो. त्याचा अर्ज आहे, रीतसर, सही-शिक्क्याचा. मी म्हटलं, द्या पाठवून. तो म्हणाला, पाठवता येत नाही, इंट्रानेटवर आहे. इंट्रानेट कसं उघडायचं, हे मी विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच मला ते कळलं.

“व्हीपीएन लावून, सर.”

आम्ही दोघंही क्षणभर काही बोललो नाही. व्हीपीएन लागत नाही म्हणून करायचा अर्ज व्हीपीएन लावल्यावर मिळतो, ही कोणा दुष्टाची योजना असती तर निदान तक्रार करायला एक माणूस सापडला असता. पण अर्ज आत ठेवणाऱ्याला वाटलं होतं की गोपनीय कागद आत असावेत, आणि गेटवाल्याला वाटलं होतं की अनोळखी यंत्र बाहेर असावं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. सरकारी कचेऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो. तिथे अर्ज निदान बाहेर झाडाखाली टपरीवर मिळतो.

मी यंत्र बंद केलं आणि कोपऱ्यातलं म्हातारं विंडोज १० उठवलं. त्याचा आधार संपलेला, सुरक्षेचे हप्ते बंद झालेले. त्याने व्हीपीएनचं बटण दाबलं आणि गेट सताड उघडलं. नियम होता ‘विंडोज १० किंवा पुढचं’, आणि तो लिहिणाऱ्याने तारखेचा विचार केला नव्हता. त्याच आठवड्यात सगळ्या अपडेट घेतलेलं लिनक्स बाहेर उभं, आणि लस न टोचलेलं विंडोज आत चहा पितंय. अर्ज सापडला. त्यातला पहिला प्रश्न: ऑपरेटिंग सिस्टिम. पर्याय तीन. विंडोज १०, विंडोज ११, मॅकओएस.

लिनक्ससाठी अपवाद मागण्याच्या अर्जात लिनक्स नव्हतं.

फोन केला. मुलगा म्हणाला, “सर, विंडोज १० टाका आणि रिमार्कमध्ये लिहा, की ॲक्च्युअली लिनक्स आहे.” दोन टिंबं. मी टाकली. पुढचा रकाना ‘व्यवसायाच्या दृष्टीने समर्थन’. तिथे खरं लिहिलं असतं की प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे आणि नवा लॅपटॉप परवडत नाही, तर ते समर्थन ठरलं नसतं. म्हणून ‘दीर्घकालीन सुरक्षितता’, ‘मुक्त मानके’ वगैरे चार ओळी लिहिल्या. माहितीपुस्तकं लिहिण्याचा तेवढा फायदा, न वाचला जाणारा मजकूर झपाट्याने लिहिता येतो.

अर्ज समितीकडे गेला आणि तिथेच रमला. त्या काळात मी लिनक्सवर राहत होतो आणि ऑफिसात जाताना तेवढं विंडोज उठवत होतो. रात्री मात्र बसून वाचत असे, की लिनक्सवाले या गेटातून जातात तरी कसे. व्हीपीएन विकणाऱ्याच्या पानावर लिनक्सचं क्लायंट होतं, पण चालेल अशा आवृत्त्यांची यादी झाराच्या बरीच आधी संपत होती. तेव्हा ‘ओपनकनेक्ट’ भेटलं.

ओपनकनेक्ट हे डेव्हिड वुडहाउस नावाच्या लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्या माणसाने सुरू केलं. सिस्कोच्या एनीकनेक्ट व्हीपीएनला जोडता येईल असा खुला पर्याय, एवढाच आरंभीचा हेतू. पुढे ज्युनिपर, पालो आल्टो, एफ-५, फोर्टिनेट अशा एकेका गेटची भाषा त्याने शिकून घेतली. त्याची माहितीपानं मी व्यावसायिक कुतूहलाने वाचायला घेतली आणि पहाटेपर्यंत वाचत राहिलो. असं गद्य आमच्याकडे पास होत नाही. गेट तुमच्या यंत्रावर एक तपासनीस कार्यक्रम उतरवतं आणि चालवतं, याला आम्ही लिहिलं असतं ‘एण्डपॉइंटच्या सुरक्षिततेचं सर्वंकष मूल्यमापन’. ओपनकनेक्टच्या पानावर त्याला सरळ ट्रोजन म्हटलंय.

आणि त्याच पानांत तो पर्याय आहे. आज्ञेत ‘ओएस’ असं लिहून पुढे ‘विन’ लिहायचं. त्याचा अर्थ: आपण विंडोजवरून आलोय असं सर्व्हरला कळवा. बस. अँटिव्हायरसचा जबाबही तुमच्या वतीने एक छोटी स्क्रिप्ट देऊ शकते. ती सांगेल ते गेट ऐकून घेतं, कारण शेवटी गेटला काही दिसत नसतं, ते फक्त विचारतं. करोडोंची सुरक्षा व्यवस्था, आणि तिचा कणा म्हणजे समोरचा खरं बोलतोय हा विश्वास. मला आमच्या वॉचमनकाकांबद्दल एकदम आदर वाटला. ते निदान चेहरा बघतात.

या मोहाबद्दल मी हेल्पडेस्कच्या मुलाला आडून विचारलं. तो घाईघाईने म्हणाला, “सर, तसं करणं पॉलिसीचं व्हायलेशन होईल. मशीनने खोटं सांगितलेलं चालत नाही.”

“पण अर्जात मी विंडोज १० लिहिलं की.”

“ते तुम्ही सांगितलंत सर. मशीनने नाही.”

यावर वकिलांनी विचार करावा. मी कंत्राटी माणूस, करार नूतनीकरणाला आलेला. मी ‘विन’ लिहिलं नाही आणि समितीची वाट पाहिली.

अपवाद मंजूर झाला तेव्हा गच्चीवर वाळवणं पडायला लागली होती. मेल आपोआप बनलेली होती आणि अर्जातल्या निवडीवरून बनलेली होती: आपल्या विंडोज १० यंत्रास विंडोज १० वापरण्याचा अपवाद तीन महिन्यांसाठी मंजूर करण्यात येत आहे. खाली अटी. यंत्रावर अँटिव्हायरस हवा. मी क्लॅमएव्ही बसवलं. हा लिनक्सवरचा जुना, खुला अँटिव्हायरस. त्याचा मोठा उपयोग मेल सर्व्हरवर, येणाऱ्या टपालात विंडोजला बाधणारे विषाणू आहेत का ते पाहायला. तेव्हापासून मी विंडोज उठवत नाही, पण विंडोजच्या रोगांवर कडक पहारा आहे. गेट समाधानी झालं. ‘कनेक्टेड’ असं हिरव्या अक्षरांत आलं. मी आईला हाक मारली. ती म्हणाली, “लागलं का? मग आता जेवून घे.”

लागलं होतं, पण आतलं एकही पान उघडत नव्हतं. व्हीपीएन लागणं आणि चालणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आतल्या सर्व्हरांची नावं आतल्या डीएनएसलाच ठाऊक असतात, आणि नाव कोणाला विचारायचं हे लिनक्समध्ये एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. त्या फाइलीच्या माथ्यावर सूचना असते, की हाताने बदलू नका, हिची व्यवस्था अमुक पाहतो. व्यवस्था पाहणारे तीन निघाले: नेटवर्क मॅनेजर, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड आणि व्हीपीएनची स्क्रिप्ट. तिघंही कामसू. एकाने लिहिलं की दुसरा पुसून आपलं लिहितो. त्यांची समजूत घालण्यात एक रविवार गेला.

मग छोटी पानं उघडायला लागली आणि मोठी अर्ध्यावर पांढरी पडायला लागली. हा एमटीयूचा घोळ. ईथरनेटवर एका खेपेला १५०० बाइट जातात. बोगद्यात प्रत्येक पुडक्यावर आणखी वेष्टनं चढतात, म्हणून मूळचं पुडकं लहान घ्यावं लागतं. ते कोणी कोणाला कळवलं नाही, की ‘गुड मॉर्निंग’ जातं आणि त्याला जोडलेली फाइल जात नाही. आकडा थोडा खाली आणला, फाइल गेली. हे असलं माहितीपुस्तकात कधी लिहीत नाहीत, मीही लिहिलेलं नाही.

यानंतर व्हीपीएन खरोखर चाललं, आणि इतकं चाललं की माझी घरातली उपस्थिती कमी झाली. कंपनीचं धोरण फुल टनेलचं आहे; यंत्रातून जे काही बाहेर पडेल ते आधी बोगद्यातून जर्मनीला जाणार. त्यामुळे लॅपटॉपला वाटतं की तो फ्रँकफर्टात आहे. जाहिराती जर्मन. आईने कुरडया घालायच्या म्हणून हवामान बघायला सांगितलं, मी म्हटलं, “ढगाळ, नऊ अंश, पाऊस.” तिने खिडकीतून बाहेर चाळीस अंशांच्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कुरडया घातल्या.

फुल टनेलमध्ये घरातलं जाळंही बंद होतं. म्हणजे हाताच्या अंतरावर असलेला प्रिंटर दिसत नाही. प्रिंटर पुण्यात, मी फ्रँकफर्टात. आणि शाळेचा प्रकल्प उद्या द्यायचाय हे मुलांना रात्री साडेआठला आठवतं, ज्या वेळी माझी तिकडच्या लोकांशी बैठक ऐन रंगात असते.

“बाबा, महाराष्ट्राच्या नद्यांचा नकाशा. प्रिंट.”

“दहा मिनिटं थांब, मी जर्मनीत आहे.”

“मग आलास की दे.”

बैठकीत एक जर्मन गृहस्थ गोदावरीवर बोलत होते, असं मला क्षणभर वाटलं. ते गेटवेवर बोलत होते.

त्या गेटवेबद्दल एक गोष्ट मला पुढे कळली, कारण त्याच्या देखभालीचं पुस्तक लिहायचं काम माझ्याकडेच आलं. ते गेट, जे लिनक्सला आत घेत नव्हतं, ते स्वतः लिनक्सवर चालतं. व्हीपीएनच्या पेट्या विकणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचं हेच आहे, वरून पाटी कोणतीही असो. आत गेल्यावर ज्या सर्व्हरवर मी काम करतो ते लिनक्स. सहा आकडी क्रमांक सांगणारा माझा अँड्रॉइड फोन, त्याचाही गाभा लिनक्स. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. खुद्द विंडोजमध्ये आता मायक्रोसॉफ्टनेच लिनक्सचा कर्नल आत आणून बसवलाय. एवढ्या सगळ्या लिनक्सच्या गर्दीत अपवादाचा अर्ज करावा लागतो तो फक्त खुर्चीवर बसून टाइप करणाऱ्याला.

परवा तिमाही सुरक्षा आढावा झाला. सगळ्यांना बोलावलं होतं. पडद्यावर रंगीत चकती, त्यात निळा भाग विंडोज ११, फिकट निळा विंडोज १०, करडा मॅक. खाली ओळ: लिनक्स, शून्य. आढावा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, की आपल्याकडे प्लॅटफॉर्मची शिस्त फार चांगली आहे, आणि सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं पाठवली. मीही एक पाठवलं, मिंटवरून.

बैठक संपल्यावर हेल्पडेस्कला फोन लावला.

“सर, तुमची नोंद विंडोज १० मध्ये आहे,” तो म्हणाला. “अर्जात तसंच आहे ना.”

“म्हणजे मी कागदावर नाहीच.”

“तुम्ही एकटे नाही, सर.” मग आवाज खाली आला. “माझीपण तिथेच आहे. घरी मी फेडोरा वापरतो.” मागे कोणाचा तरी कीबोर्ड वाजत होता, तो थांबेपर्यंत तो गप्प राहिला. “आणि सर, एक विचारू का? एमटीयू किती ठेवलाय तुम्ही?”